गर्दुल्ल्याची ओळख पटली

परवा आमच्या सोसायटीतल्या एका कॉलेजच्या मुलीने लिफ्टची वाट बघताना मला विचारलं, "मावशी, गर्दुल्ला म्हणजे नक्की काय हो?" कुठल्या तरी जुन्या कात्रणात तिने वाचलं होतं. मी सांगितलं, गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, ती ओढणारा तो गर्दुल्ला. "ओह, ड्रगी," असं म्हणून ती लिफ्टमध्ये शिरली. संपला विषय. ज्या शब्दाने आमच्या घराची वाट लावली, तो तिला एका मजल्यात समजला.

मी आयुष्यभर पेपरात नोकरी केली. आता तो पेपर नाही, त्याची इमारतही नाही, अंधेरीला त्या जागी काचेचं काहीतरी उभं आहे. लोकांना वाटतं, पेपरवाल्या बाईकडे सांगण्यासारखं पुष्कळ असणार. मंत्री, दंगली, पूर वगैरे. माझ्याकडे एवढा एकच शब्द आहे आणि तोही रस्त्यावरचा. शब्दकोशात नव्हता, पोलिसांच्या कागदात नव्हता, डॉक्टरांच्या तर नव्हताच. होता फक्त लोकांच्या तोंडात आणि आमच्या पानावर.

आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका कंपनीच्या गेटवर बसायला लागले. घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत आमची खोली. घरात वडील, आई, दादा आणि मी. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला लहानपणापासून फिट यायची. चांगला बोलता बोलता मान एका बाजूला वळायची, डोळे वर जायचे आणि मग तो आडवा. थोड्या वेळाने उठून बसायचा आणि पहिलं काय विचारायचा तर, "शर्ट मळला काय गं?" त्याला शर्टाचं फार. कॉलर मळलेली त्याला चालायची नाही.

फिट आली की चाळीत प्रत्येकजण डॉक्टर. कोणी कांदा फोडून नाकाला लावायचं, कोणी हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचं, आणि रस्त्यात असेल तर हमखास कोणीतरी पायातली चप्पल काढून हुंगवायचं. आईला त्या चपलेचा भयंकर राग. "मेल्यांच्या पायात काय काय लागलेला असता," म्हणायची. शिवाय दादाची जीभ एकदा दाताखाली येऊन फाटली होती. म्हणून तिने एक स्टीलचा चमचा घेतला, दांड्याला मांजरपाटाची चिंधी गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधली. फिट आली की हा दातात धरायचा, असा तिचा हुकूम. कोकणात तिच्या मामाच्या घरी म्हणे असंच करायचे. रोज सकाळी ती तो चमचा घासायची आणि मग रॉकेलच्या स्टोव्हच्या ज्योतीवर धरायची, जंतू मरावेत म्हणून. त्याने चमच्याची वाटी खालून काळी पडली. राखेने घासली तरी तो काळेपणा जाईना. इतर आया मुलांना विचारतात डबा घेतलास का. आमची आई दारातून ओरडायची, "चमचो घेतलंस?" आणि दादा पँटचा खिसा थोपटून दाखवायचा.

विक्रोळीला पुठ्ठ्याची खोकी करायचा एक कारखाना होता, तिथे दादा कामाला होता. मशीनवर त्याला कोणी ठेवणार नव्हतं, म्हणून तो खोकी चिकटवायचा. घरी येताना रुळांच्या कडेने भिंतीलगत एक पायवाट होती, त्या वाटेने सगळा कारखाना सुटायचा. एका संध्याकाळी दादा उशिरापर्यंत थांबून एकटाच निघाला आणि घरी पोचला नाही. वडील दुसऱ्या दिवशी कारखाना, हॉस्पिटल, नातेवाईक असं सगळं फिरले. त्याच्या पुढच्या दिवशी रेल्वे पोलिसांकडे गेले. तिथे तो होता. त्या वाटेवर फिट आली, खडीवर पालथा पडला, नाकतोंड मातीत. गाडीने त्याला स्पर्शसुद्धा केला नव्हता. कोणी नुसतं उताणं केलं असतं तरी जगला असता, असं डॉक्टर म्हणाले. लोक येत-जात होते की. येत-जात असणारच, पायवाटच होती ती.

पोलिसांनी वडिलांकडे त्याच्या वस्तू दिल्या. कंगवा, रुमाल, पाकीट आणि चमचा. हवालदाराने चमचा बोटांत फिरवून विचारलं, "ओढायचा काय?" वडील म्हणाले, "नाही हो साहेब, त्याला फिट यायची, दातात धरायला दिला होता त्याच्या आईने." हवालदार "बरं" म्हणाला. माणूस वाईट नव्हता. गर्द ओढणाऱ्यांच्या खिशात तेव्हा काळा पडलेला चमचा सापडायचा, हे आम्हाला कुठे माहीत? आई स्टोव्हवर जंतू मारत होती. करायला गेलो गणपती, झाला मारुती, अशी गत.

अंत्यविधी झाल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारचे काका संध्याकाळचा पेपर घेऊन आले. "वहिनी, पेपरात आलंय," म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं निधनवार्ता आहे. चष्मा घरी राहिला होता त्यांचा. मी वाचायला घेतलं, मोठ्याने. उपनगराच्या पानावर तळाला एक कॉलमी बातमी. मथळा होता, 'गर्दुल्ल्याची ओळख पटली'. खाली दादाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, चाळीचं नाव. रुळांलगत आढळलेल्या गर्दुल्ल्याच्या खिशात गर्द ओढण्याचा चमचा सापडला होता, त्याची ओळख त्याच्या वडिलांनी पटवली, असं लिहिलं होतं. मी अर्ध्यावर थांबले. आई म्हणाली, "वाच गो, काय लिवलाहा?" मी वाचलं. वाचलं कशाला, असं आजही वाटतं. पण मी नाही तर नळावर कोणीतरी वाचून दाखवलंच असतं.

ओळख पटली म्हणे! चाळीत पंचवीस वर्षं राहिलेल्या माणसाची ओळख आता पटली. ज्यांनी त्याला कांदे हुंगवले होते त्याच बायका म्हणायला लागल्या, "फिटच होती की अजून काही, कोण जाणे. आजकालची पोरं." बोरिवलीचं एक स्थळ माझ्यासाठी जवळजवळ ठरलं होतं, त्यांच्याकडून निरोप आला की मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही. त्या मुलाचं दोन महिन्यांत लग्न झालं. माझं राहिलं ते राहिलंच. त्याचं मला फार दुःख आहे असं नाही, पण राग आहे.

वडील गप्प झाले. आई मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिचं एकच म्हणणं, "ज्या पेपरान लिवला, त्याच पेपरान लिवक व्हया. माझो झील गर्दुल्लो नाय होतो, असा. त्याच जागेर." बाकी कोणाला समजावून सांगायला ती तयार नव्हती. नळावर एकेकीशी भांडत बसण्यात अर्थ नाही, छापलेलं फक्त छापूनच पुसता येतं, हे तिला न शिकता कळलं होतं.

आम्ही दोघी बसने अंधेरीला गेलो. पेपरच्या ऑफिसात मोठं टेबल, त्याभोवती माणसं मान खाली घालून लिहीत बसलेली. मुख्य उपसंपादकांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. आईने पिशवीतून चमचा काढला आणि सरळ त्यांच्या कागदांवर ठेवला. टेबलावरची सगळी माणसं चमच्याकडे बघायला लागली. आईने सगळं सांगितलं, चिंधी, दात, स्टोव्ह, जंतू. चमच्याच्या कडेवर दादाच्या दातांच्या खुणा होत्या, त्याही दाखवल्या.

ते म्हणाले, "आई, पटतंय मला. पण आम्ही पोलिसांकडून घेतो बातमी. पोलिसांनी लेखी दिलं तर खुलासा छापू."

मग आम्ही रेल्वे पोलिसांकडे. तिथल्या साहेबांनी कागद काढून दाखवले. पंचनाम्यात 'अनोळखी इसम' होतं, ओळख पटल्यावर दादाचं नाव होतं. पोस्टमॉर्टेममध्ये गुदमरल्याचं कारण होतं. गर्दुल्ला कुठेच नव्हतं. साहेब म्हणाले, "बाई, आम्ही जे लिहिलंच नाही ते मागे कसं घेणार? पेपरने लिहिलं, पेपरला विचारा." परत अंधेरी. उपसंपादकांनी विचारलं, मग आमच्या वार्ताहराने काय स्वतःच्या मनाने लिहिलं? वार्ताहर समोरच होता. तो म्हणाला, "मी सकाळी फोन केला, काय आहे काय विचारलं. ते म्हणाले एक बॉडी आहे, गर्दुल्ला दिसतोय. मी लिहिलं." दिसतोय हा शब्द तेवढा वाटेत गळला. आणि एकदा पहिल्या दिवशी गर्दुल्ला छापला की नंतर त्याच बातमीचा पाठपुरावा करताना तो वेगळा माणूस थोडाच होणार?

आई म्हणाली, "मगे लिवा तसा. चुकला म्हणान लिवा."

उपसंपादक चष्मा काढून डोळे चोळत राहिले. मग म्हणाले, "आई, राग मानू नका. खुलासे आम्ही छापतो ते ज्यांचे वकील आहेत त्यांचे. एकदा तुमचं छापलं तर उद्यापासून रोज बायका चमचे घेऊन येतील." हे ते वाईट बुद्धीने म्हणाले नाहीत. त्यांना खरंच त्या बायका दिसत असाव्यात, रांगेने. मलाही त्या दिवसापासून दिसतात.

पुढच्या वर्षी त्याच पेपरात मुद्रितशोधक पाहिजेत अशी जाहिरात आली. माझी बी.ए.ची परीक्षा नुकतीच झाली होती. मी म्हटलं, त्या पेपरात मेले तरी पाय ठेवणार नाही. आई म्हणाली, "थंयच जा. भायर ऱ्हवान काय होवचा नाय. आत जा आणि लिव." झालं. आईने मला त्या पेपरात घातलं, एका कामावर. पगार वगैरे होता तो वेगळा.

आत गेल्यावर मला त्या शब्दाची सगळी कुळकथा कळली. तो पानावर पहिल्यांदा आला तेव्हा अवतरणात आला होता, 'गर्दुल्ला', आणि पुढे कंसात समजावून सांगितलेलं. मग कंस गेला, मग अवतरण गेलं, आणि तो शिक्षक, दूधवाला, रिक्षावाला यांच्यासारखा एक धंदा झाला. शिक्षकाचा मृत्यू, दूधवाल्याला मारहाण, गर्दुल्ला ठार. मग त्याची गर्दी झाली. गर्दुल्ल्यांचा अड्डा, गर्दुल्ल्यांचा उपद्रव, आणि सर्वांत आवडता, गर्दुल्ल्यांचा सुळसुळाट. आमच्या पानावर सुळसुळाट तिघांचाच व्हायचा, उंदरांचा, भुरट्या चोरांचा आणि यांचा. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतचे वाचक पत्रं लिहायचे, आमच्या स्टेशनच्या पुलाखाली सुळसुळाट झाला आहे, पेपरने लक्ष घालावं. आम्ही लक्ष घालायचो. फोटोग्राफर जाऊन झोपलेल्या माणसांचे फोटो काढून आणायचा. त्यांतला कोण ओढून झोपलाय, कोण दमून झोपलाय, कोण तापाने फणफणलाय, हे उठवून विचारायची पद्धत नव्हती.

रुळांच्या कडेला सापडणारी बॉडी दोन प्रकारची असायची. कपडे बरे असतील तर 'अनोळखी इसम'. मळलेले असतील तर गर्दुल्ला. एवढीच परीक्षा. दादाला कॉलर मळलेली चालायची नाही, पण चोवीस तास खडीत पडल्यावर कोणाची कॉलर पांढरी राहते हो?

मी प्रूफं वाचताना तो शब्द खोडून 'इसम' करायला लागले. काही दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मुख्य उपसंपादकांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तुझं मला कळतं. पण ऐक. इसम मेला म्हटलं की वाचक थांबतो. कोण असेल, आपल्यातला असेल का, मुलगा घरी आलाय ना, असं त्याच्या मनात येतं. गर्दुल्ला मेला म्हटलं की तो सुटतो. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला सुटायचं असतं गं." आणि त्यांनी 'इसम' खोडून पुन्हा गर्दुल्ला केला. या धंद्याबद्दल इतकं खरं मला पुढे कोणीही सांगितलं नाही. मी जागेवर येऊन पुढचं प्रूफ वाचायला घेतलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

दर गणपतीत, दर दादाच्या तिथीला आई विचारायची, "छापतले काय?" मी म्हणायची, बघते. एकदा विषय काढला तर संपादक म्हणाले, इतक्या जुन्या बातमीचा खुलासा? वाचकांना मूळ बातमी आठवत तरी असेल का? मला हसू आलं. ज्यांना आठवायला नको त्यांना सगळी आठवत होती. आमच्या अंत्यविधीला न येणारे नातेवाईकसुद्धा ती बातमी पाठ म्हणून दाखवतील, असं वडील म्हणायचे. वडील पुढे काही वर्षांनी गेले. शेवटपर्यंत त्यांना एक गोष्ट डाचत राहिली, की त्यांनी ओळख पटवायला जायला नको होतं. "बेवारस राहिला असता तर नाव तरी आलं नसतं," असं एकदा जेवताना म्हणाले. आईने ताट सरकवलं आणि उठली.

याच दरम्यान एका आरोग्याच्या पानासाठी मी एका मेंदूच्या डॉक्टरांचा लेख तपासला. त्यात लिहिलं होतं, फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, चमचा तर नाहीच, नुसतं कुशीवर वळवावं. मी तो लेख घरी नेला नाही. त्या दिवशीचा पेपर आईला मिळू नये म्हणून शेजाऱ्यांकडचाही मागून आणला आणि फाडला. आणखी काय करणार?

पुढे मी उपनगराच्या पानाची प्रमुख झाले. पहिल्याच आठवड्यात सांगितलं, माझ्या पानावर हा शब्द येणार नाही. वार्ताहर मागे हसले, 'गर्दुल्ला मॅडम' हे नाव मला मिळालं. भांडुपहून बातम्या देणाऱ्या एकाने फोनवर विचारलं, "मॅडम, मग लिहू काय? व्यसनी तरुण?"

"तो व्यसनी होता हे तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग माहीत नाही असं लिही ना."

"अहो, माहीत नाही ही काय बातमी झाली काय?"

त्याचं चुकलं नव्हतं. माझ्या पानावरची मेलेली माणसं इतकी त्रोटक व्हायला लागली की एक-दोन ओळींत संपायची, आणि जागा उरली की ती बातमीच निघायची. शब्द गेला आणि माणूसही गेला. माझ्या सुट्टीच्या दिवशी मात्र दोघेही ठळक टाइपात परत यायचे.

मग पेपर बंद होणार असं कळलं. शेवटच्या अंकाचं पान मी लावणार होते. मला कोणी विचारणारं उरलं नव्हतं, मालकांनासुद्धा त्यात रस नव्हता. मी चार ओळी लिहिल्या. पूर्वी याच पानावर अमुक यांचा उल्लेख गर्दुल्ला असा झाला होता, तो चुकीचा होता, त्यांना फिट येण्याचा आजार होता, खिशातला चमचा त्यासाठी होता. बस. तळाला, डावीकडून पहिला कॉलम, त्याच जागेवर. पान पूर्ण करून पाठवलं आणि घरी येऊन आईला म्हटलं, "उद्या येतंय." आईने चमचा डब्यातून काढला, घासला आणि देवासमोर ठेवला. मी तिला त्यावर कुंकू लावताना पाहिलं आणि आत जाऊन रडले. इतकी वर्षं रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंक आला. तळाला डावीकडे, त्याच जागी, कुठल्या तरी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. शेवटच्या क्षणी जाहिरात आली असणार. जाहिरात आली की तळाचं उचलायचं, ही पद्धत मीच नव्या मुलांना शिकवली होती. तिथे कोणी शहाणपणा केला नव्हता, कोणी डूख धरला नव्हता. छापखान्यातल्या माणसाने रोजच्यासारखं काम केलं होतं.

आईने पान दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग घडी घातली. "आता खंय छापतले?" तिने विचारलं. जो पेपरच उरला नाही तो चूक कशी कबूल करणार? पण अंधेरीच्या ग्रंथालयात त्याच्या बांधलेल्या फायली आहेत, आणि आता म्हणे सगळं कॉम्प्युटरवर चढवतात. म्हणजे ते राहील. मागे घेणारा तेवढा मेला.

त्यानंतर आईने तो विषय कधी काढला नाही. चाळीची जागा बिल्डरकडे गेली, आम्ही मुलुंडला आलो. चमचा इथेही आला. आता आईची नव्वदी जवळ आलीय, मी साठीच्या पुढे. दोघींचं बरं चाललंय असं लोक म्हणतात. लोकांना म्हणायला काय लागतं?

गेल्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टाके नाहीत, काही नाहीत, फक्त थेंब घालायचे आणि दाखवायला जायचं. दाखवून परत येताना भर दुपारी स्टेशनजवळच्या रस्त्याने चालत होतो, रिक्षा मिळेना. एका बंद दुकानाच्या शटरला लागून एक माणूस पडला होता. पाय झाडत होता, तोंडाला फेस. शर्टाची सगळी बटणं लावलेली, अगदी गळ्यापर्यंत. दोघं-तिघं लांबून बघत होते, एकजण मोबाईल धरून उभा होता. भाजीवाली म्हणाली, "काय नाय ओ, रोजचंच हाय इथं."

मी थांबले. "आई, एक मिनिट हं," म्हटलं.

आईने माझं मनगट धरलं. तिच्या डोळ्यांवर ऑपरेशननंतर देतात तो हिरवा चष्मा. तिने मान वळवून त्या माणसाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "चल गो. गर्दुल्लो असतलो."

रागाने नाही म्हणाली. खड्डा आहे, बाजूने चल, असं सांगावं तसं म्हणाली. तिला ओरडावं, हलवावं, तुला कळतंय का तू काय बोललीस असं विचारावं, असं सगळं मनात आलं. पण तिच्या हाताची पकड घट्ट होती आणि ऊन फार होतं. मी गेले तिच्याबरोबर. ज्या वाटेने विक्रोळीचा कारखाना सुटायचा त्या वाटेवरून जाणाऱ्यांसारखीच गेले.

घरी आल्यावर तिला पाणी दिलं, झोपवलं, एका डोळ्यात थेंब घातला. डोळा मिटून ती पडून राहिली. थेंबाचं पाणी गालावरून कानाकडे चाललं होतं. मग मिटल्या डोळ्यांनीच तिने विचारलं, "तेच्या खिशात चमचो होतो काय गो?"

"बघितलं नाही, आई."

"जा, बघून ये."

मी चप्पल अडकवली आणि तशीच खाली धावले. शटरजवळ कोणी नव्हतं. जमीन ओली होती, कोणीतरी पाणी मारलं असावं. भाजीवालीला विचारलं, तर म्हणाली, "उचलून नेला ओ पोलिसांनी." "जिवंत होता का?" विचारलं. ती म्हणाली, "आपल्याला काय म्हाईत." मेथीची जुडी सोडवत ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

वर आले तर आई तशीच पडून होती, दुसरा डोळा उघडा ठेवून माझी वाट बघत.

"काय?"

"नेला त्याला पोलिसांनी."

आईने कूस बदलली, भिंतीकडे तोंड केलं.

"मगे उद्या पेपरात येतला," ती म्हणाली.